मंडळाच्या वाचनालयात फीड रीडर : नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या नोंदी

10 नोव्हेंबर 2024, रविवार

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयात रोज सकाळी पंधरा-वीस ज्येष्ठ मंडळी येतात. मुंबई-पुण्याचे पेपर इथे येईपर्यंत शिळे होतात, त्यामुळे ताजी बातमी म्हणजे व्हॉट्सॲप. ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा या सगळ्यांच्या मोबाइलवर आजवा धरणाच्या पाण्याबद्दल उलटसुलट निरोप फिरत होते. नानांना आलेले दोन व्हिडिओ तर दुसऱ्याच गावचे निघाले. नाना पंचाहत्तरीचे आहेत, आयुष्यभर पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेला माणूस. ते मला म्हणाले, "अरे, मला कोण काय पाठवतो ते नको. मी जे मागवलंय तेवढंच दिसेल असं काही आहे का?"

आहे. आरएसएस नावाची सोय 1999 पासून आहे. संकेतस्थळ आपल्या नव्या मजकुराची यादी एका ठरावीक साच्याच्या फाइलीत ठेवतं, त्या फाइलीला फीड म्हणतात. फीड रीडर अशा सगळ्या फाइली ठरावीक वेळाने तपासतो आणि नवीन आलेलं एका ठिकाणी, आलं त्या क्रमानं दाखवतो. मधे कुणी निवड करणारा नाही. सेक्रेटरी काकांनी सहा हजारांपर्यंत खर्चाला परवानगी दिली. इतर गावांतल्या मंडळांना उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवतोय.

16 नोव्हेंबर, शनिवार

यादी कुठून सुरू करायची? माझ्याकडे एक जुनी फाइल होती. गूगल रीडर 1 जुलै 2013 ला बंद झालं, त्याआधी मी माझी वर्गणीची, म्हणजे मी मागवलेल्या फीडची, यादी उतरवून घेतली होती आणि नंतर तिला कधी हात लावला नाही. ओपीएमएल साच्यातली ही फाइल कुठल्याही रीडरला चालते. अकरा वर्षांनंतरही जशीच्या तशी उघडली.

187 फीड होती, त्यांतले बहुतेक मराठी ब्लॉग. एकेक पत्ता हातानं तपासला आणि तीच चूक झाली, कारण रीडरमध्ये यादी टाकली असती तर मेलेली फीड त्यानं आपणहून लाल खुणेनं दाखवली असती. चार तास गेले. 61 पत्ते सापडतच नाहीत. उरलेल्या 126 पैकी गेल्या वर्षभरात काही लिहिलं गेलंय अशी फक्त 22. ब्लॉगस्पॉटवरचे ब्लॉग मात्र बरेचसे जागेवर आहेत. शेवटची नोंद 2012 ची, पण घर उघडं. मूक ब्लॉग काढून टाकावेत असं आधी वाटलं, मग ठेवले. फीडला वाट पाहायला काही पडत नाही आणि त्यातला कुणी पुन्हा लिहायला लागला तर आपल्याला आपोआप कळतं.

17 नोव्हेंबर, रविवार

यंत्र ठरवलं. इनोरीडर किंवा फीडलीसारखी तयार सेवा घेतली असती तर दहा मिनिटांत काम झालं असतं आणि एकट्या माणसानं तेच करावं असं माझं स्पष्ट मत आहे. इथे वीस जणांना एकच यादी, एका मोठ्या पडद्यावर, कुणाच्याही ईमेलशिवाय हवी आहे. म्हणून आपल्याच मशीनवर फ्रेशआरएसएस हा फीड रीडर. मोफत आहे, मुक्त स्रोत आहे आणि जुन्या मशीनवर चालतं.

एका सभासदांनी जुना लॅपटॉप दिला. बॅटरी मेलेली, वायर काढली की बंद. सयाजीगंजातून 256 जीबीची एसएसडी, म्हणजे साठवणीची डिस्क, 1,750 रुपयांना आणि वापरलेली 4 जीबी रॅम 600 ला आणली. एसएसडी सगळ्यांत स्वस्त होती ती घेतली. ही गोष्ट पुढे लक्षात ठेवा.

24 नोव्हेंबर, रविवार

लॅपटॉपवर डेबियन ही लिनक्स प्रणाली टाकली. "स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज" समोरची खूण मी काढली, उगाच कशाला जास्तीचं, म्हणून. त्यावर अपाची हा वेब सर्व्हर, पीएचपी ही भाषा आणि फ्रेशआरएसएस. डेटाबेस एसक्यूलाइट. वीस वाचकांसाठी तो पुरेसा आहे, वेगळा डेटाबेस सर्व्हर लागत नाही.

दुपारी दोनला सगळं चालू झालं आणि अडीचला बंद पडलं. कुठलीही नोंद "वाचलं" केली की डेटाबेस फक्त वाचण्यापुरता आहे, लिहिता येत नाही, अशी चूक यायची. तीन तास परवानग्या उलटसुलट करत बसलो. कारण साधं होतं. फीड आपोआप ताजी करणारी आज्ञा मी क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीत, रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावानं टाकली होती. रूटनं ज्या फाइली तयार केल्या त्यांचा मालक रूट झाला आणि वेब सर्व्हरला त्यांत लिहिता येईना. दुरुस्ती अशी: क्रॉनमधली आज्ञा वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याच्या नावानं चालवायची आणि डेटाच्या फोल्डरची मालकी एकदा त्यालाच परत द्यायची. एवढंच.

सगळ्या नोंदी साडेपाच तास मागची वेळ दाखवत होत्या. सेटिंगमध्ये आशिया-कोलकाता निवडलं, झालं.

1 डिसेंबर, रविवार

आज ग्रंथपाल ताईंबरोबर बसून नवीन फीड शोधली. पूर्वी ब्राउझरच फीड दाखवायचा. फायरफॉक्सनं ती सोय डिसेंबर 2018 मध्ये काढली, तेव्हापासून लोकांना वाटतं फीड संपली. फीड आहेत, नुसता फलक गेला.

आम्हाला उपयोगी पडलेल्या खुणा लिहून ठेवतो. वर्डप्रेसवरचं संकेतस्थळ असेल तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन "फीड" लिहायचं. ब्लॉगस्पॉटला "फीड्स, पोस्ट्स, डीफॉल्ट" हे तीन शब्द तिरक्या रेघांनी जोडायचे. यूट्यूबच्या प्रत्येक चॅनेललाही फीड असतं, त्यासाठी चॅनेलचा "यूसी" नं सुरू होणारा क्रमांक लागतो. मराठी विकिपीडियावर एखाद्या पानाच्या इतिहासाचं फीड मिळतं. ताईंनी लगेच सयाजीराव महाराजांच्या पानाचं घेतलं, कुणी काय बदललं ते कळायला. बीबीसी मराठीचं फीड आहे. यांपैकी काहीच लागू पडलं नाही तर पानाचा मूळ कोड उघडून त्यात "अल्टरनेट" हा शब्द शोधायचा, फीड असेल तर त्याचा पत्ता बहुधा त्याच ओळीत असतो.

त्या ओळी कधी कधी दोन असतात आणि तिथे मी फसलो. गेले आठ दिवस एका ब्लॉगवरून रोज "छान लिहिलंय", "पुढचा भाग कधी?" एवढंच येत होतं. लेखक फार थोडक्यात लिहितो, असं नाना म्हणत होते. मी लेखांऐवजी प्रतिक्रियांचं फीड घेतलं होतं.

दुसरी अडचण जास्त मोठी. बरीच बातम्यांची संकेतस्थळं फीडमध्ये दोनच ओळी देतात आणि पुढचं वाचायला मूळ पानावर जावं लागतं. तिथे जाहिराती उड्या मारतात आणि आमच्या मंडळींना मजकूर कुठे संपला तेच कळत नाही. फ्रेशआरएसएसमध्ये प्रत्येक फीडला सीएसएस सिलेक्टर देता येतो, म्हणजे पानाच्या कुठल्या चौकटीत खरा लेख आहे ते सांगायचं, मग तो पूर्ण लेख ओढून आणतो. नऊ फीडना असं केलं. प्रत्येकाला सरासरी वीस मिनिटं. संकेतस्थळानं रचना बदलली की हे तुटणार, हे धरून चालायचं.

8 डिसेंबर, रविवार

सोमवारी सकाळी ताईंचा फोन. "सगळं लाल झालंय रे." एकूणएक फीड बंद. मंगळवारी संध्याकाळी जाऊन पाहिलं तर प्रत्येकाला एकच तक्रार, समोरच्याच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही. शंभर संकेतस्थळांची प्रमाणपत्रं एकदम कशी बिघडतील? तरी मी दोन संध्याकाळी प्रमाणपत्रांचं पॅकेज काढून परत टाकण्यात घालवल्या.

शेवटी नुसती तारीख विचारली. मशीनच्या लेखी सन 2024 उजाडलंच नव्हतं.

गोष्ट अशी जुळली. मंडळ रात्री साडेआठला बंद होतं आणि पहारेकरी काका मेन स्विच पाडतात. त्याआधीचे आठ दिवस लॅपटॉप माझ्याकडे घरीच होता, म्हणून हे कळलं नव्हतं. रविवारी तो मंडळात ठेवला, रात्री वीज गेली. बॅटरी नाही, आतला घड्याळाचा बटण-सेल संपलेला, त्यामुळे घड्याळ मागे गेलं. इंटरनेटवरून वेळ जुळवून घेणारी सेवा डेबियनच्या त्या "स्टँडर्ड" संचात होती, जो मी घेतलाच नव्हता. घड्याळ मागे असेल तर आजचं प्रमाणपत्र भविष्यातलं ठरतं आणि जोडणी नाकारली जाते.

40 रुपयांचा सेल बदलला, लॅपटॉप पूर्ण उघडावा लागला. वेळ जुळवणारी सेवा टाकली. रात्रीच्या विजेचा प्रश्न उरला होता आणि तो नुसत्या घड्याळाचा नव्हता. फीडमध्ये सगळं जुनं साठलेलं नसतं, शेवटच्या काही नोंदीच असतात. वर्डप्रेस स्वतःहून 10 देतं, यूट्यूब 15. बातम्यांच्या संकेतस्थळावर रात्रभरात पन्नास बातम्या आल्या आणि आपण सकाळी नऊला विचारायला गेलो तर शेवटच्या दहाच हाती लागतात, बाकीच्या कायमच्या गेल्या. सेक्रेटरी काकांना हे कागदावर दहा रेघा काढून दाखवलं. वायरमननं एक सॉकेट मेन स्विचच्या आधीच्या लाइनवर घेऊन दिलं, 350 रुपये. राउटरही त्यावरच.

15 डिसेंबर, रविवार

आजचा दिवस देवनागरीचा. मराठीत फीड वाचणाऱ्या प्रत्येकाला यातून जावं लागणार, म्हणून सविस्तर लिहितो.

नानांची मागणी अशी की आपल्या गावाबद्दल मराठीत कुठेही काही आलं तर ते वेगळं दिसावं. फ्रेशआरएसएसमध्ये शोध जतन करता येतो. "वडोदरा" टाकलं. आठवड्यात चारच नोंदी. मराठी पत्रकार "बडोदा" लिहितात, तेही घातलं. अकरा झाल्या. पण नानांनी स्वतः वाचलेली एक बातमी त्यात नव्हती. तिच्यात "बडोद्यात" होतं. आपल्याकडे नाव विभक्तीला लागलं की बदलतं आणि यंत्र तर अक्षराला अक्षर जुळवतं. म्हणून शेपूट कापून "बडोद" आणि "वडोदर" एवढंच ठेवलं.

तरी एक बातमी सुटली. मथळ्यात डोळ्यांना स्पष्ट "वडोदऱ्यात" दिसतंय आणि शोधात येत नाही. एका फीडमधलं सापडतं, दुसऱ्यातलं नाही. दोन्ही शब्द कॉपी करून एकेका अक्षराचे युनिकोड क्रमांक काढले तेव्हा उलगडा झाला. हा अर्धा र, म्हणजे दऱ्याखोऱ्यांतला र, दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात त्याचं स्वतंत्र अक्षर ऱ वापरतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह: "वडोदर्‍यात". पडद्यावर दोन्ही सारखेच, यंत्राला दोन वेगळे शब्द. माझ्या "वडोदर" मधला र साधा होता, म्हणून दुसऱ्या प्रकारचा सापडायचा आणि पहिल्या प्रकारचा निसटायचा.

"वडोद" ठेवलं. आता दोन्ही येतात.

मग याच डोळ्यांनी बाकीचे शोध तपासले. "शेतकऱ्यांना" मध्ये तीच भानगड. "ॲप" शब्द तर तीन प्रकारे मिळाला: एकसंध ॲ, अ वर नुसता चंद्र, आणि अ, न दिसणारं जोडचिन्ह, मग चंद्र. रोजचं भविष्य आपोआप "वाचलं" करून टाकायची गाळणी होती, तीही अर्धीच चालत होती, कारण कुणी "राशिभविष्य" लिहितं, कुणी "राशीभविष्य". दोन्ही घातले. नियम एवढाच की मराठी शोधशब्द शक्य तितका आखूड ठेवा आणि ऱ, ॲ ही अक्षरं त्यात येऊच देऊ नका. वेळ सात तास, पण यातला एकही वाया गेला असं म्हणणार नाही.

22 डिसेंबर, रविवार

मंडळींना बातमी लवकर हवी म्हणून मी क्रॉन पाच मिनिटांवर आणला होता. फरक पडेना, कारण फ्रेशआरएसएस एकाच फीडला तासाभरात पुन्हा विचारत नाही, ही त्याची मूळ मर्यादा. मी तीही हट्टानं वीस मिनिटांवर आणली. तिसऱ्या दिवशी एका संकेतस्थळानं 429 हा आकडा परत पाठवला, म्हणजे फार वेळा विचारताय, थांबा. दुसऱ्यानं सरळ 403, प्रवेश बंद. चूक माझी. त्यात नऊ फीडना आपण पूर्ण पानंही ओढतो, त्याचा भार वेगळा.

मर्यादा पुन्हा एका तासावर, क्रॉन अर्ध्या तासावर आणि महिन्यातून एकदा लिहिणाऱ्या ब्लॉगांना दिवसातून एकदाच. नीट बांधलेला सर्व्हर "मागच्या वेळेपासून काही बदललं नाही" हे 304 या आकड्यानं सांगून मोकळा होतो, फाइल पाठवतही नाही. पण सगळे तसे नसतात. एखादा माणूस स्वतःच्या खर्चानं ब्लॉग चालवत असतो, त्याच्या दारावर दर वीस मिनिटांनी थाप मारायची नाही.

403 वालं संकेतस्थळ दोन आठवड्यांनी पुन्हा सुरू झालं.

5 जानेवारी 2025, रविवार

घरून वाचायची मागणी आली. मशीन इंटरनेटवर उघडं करायचा प्रयत्न केला, अख्खा रविवार गेला. आमच्या इंटरनेट सेवेत अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता असतो, त्यामुळे राउटरमध्ये दार उघडलं तरी बाहेरून आत येताच येत नाही. नंतर वाटलं, बरं झालं. अशा मशीनची राखण दर आठवड्याला कोण करणार?

त्याऐवजी यादीच वाटली. ओपीएमएल फाइल ज्यांना हवी त्यांच्या मोबाइलवर टाकून फीडर नावाच्या मोफत ॲपमध्ये उघडून दिली. सात जणांनी घेतली. प्रत्येकाला दोन मिनिटं लागली.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या "सचेत" सेवेचं इशाऱ्यांचं फीडही घातलं आहे. पण सूचनाफलकावर लाल अक्षरांत लिहून ठेवलंय की पुराच्या वेळी या पडद्यावर विसंबू नका. तासाभराने विचारणारं यंत्र इशाऱ्यासाठी नसतं, आणि पूर आला की पहिली वीज जाते. सुरुवात पुरापासून झाली म्हणून हे मला ठळक सांगायचं आहे. अधिकृत माहिती शांतपणे वाचायला फीड उपयोगी, जीव वाचवायला मोबाइलवर थेट येणारा इशाराच पाहिजे.

15 जानेवारी, बुधवार

काल उत्तरायण. तारांवर मांजा अडकून दिवसभरात चार-पाच वेळा लाइट गेली-आली. आज सकाळी पडद्यावर डेटाबेस बिघडल्याची चूक. एसक्यूलाइट वीज गेली तरी टिकेल असा बांधलेला आहे, पण त्यासाठी डिस्कनं "लिहिलं" म्हटलं तर खरोखर लिहिलेलं असावं लागतं. माझी सगळ्यांत स्वस्त एसएसडी त्या कसोटीला उतरली नाही, असा माझा निष्कर्ष.

एसक्यूलाइटच्याच रिकव्हर आज्ञेनं जवळजवळ सगळं परत आलं. तारा लावून, म्हणजे चांदणीची खूण करून, ठेवलेल्या नोंदी मात्र गेल्या. नानांनी दोन महिन्यांत सत्तरच्या आसपास लेख तारा लावून ठेवले होते. त्यांना सांगायला गेलो तेव्हा त्यांनी खिशातून छोटी वही काढली. लेखांची नावं आणि तारखा त्यात लिहिलेल्या होत्या, सगळ्या. दुपारभर बसून आम्ही एकेक शोधून परत तारा लावल्या.

लॅपटॉपला नवी बॅटरी घातली, 1,900 रुपये. राउटरला छोटा यूपीएस, 1,300. दोन्ही पहिल्याच दिवशी घ्यायला हवे होते. रोज रात्री एसक्यूलाइटच्या बॅकअप आज्ञेनं पेन ड्राइव्हवर प्रत निघते. चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करू नका, अर्धवट प्रत निघू शकते.

26 जानेवारी, रविवार

ध्वजवंदनानंतर सगळे तिथेच होते. न वाचलेल्या नोंदींचा आकडा 4,312 दाखवत होता. एक काकू म्हणाल्या, "हे बघितलं की परीक्षेचा अभ्यास राहिल्यासारखं वाटतं." आकडा सेटिंगमधून बंद केला. मग बसून छाटणी. रोज शंभर बातम्या ओतणारी सहा फीड काढली, त्यांच्याऐवजी त्याच संकेतस्थळांची संपादकीय आणि साहित्य विभागाची फीड घेतली. 148 पैकी 83 ठेवली. काय ठेवायचं यावर दीड तास वाद झाला आणि तो मला सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा वाटला. 1910 मध्ये सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालांना आणून बडोद्याची ग्रंथालयं उभी केली, तेव्हा लाकडी पेट्यांतून पुस्तकं गावोगाव जायची. पेटी केवढी ते ठरलेलं असायचं, म्हणून आत काय घालायचं यावर कुणीतरी बसून विचार करायचं. आमच्या यादीवर तसं बसणं पहिल्यांदा झालं.

9 फेब्रुवारी, रविवार

हिशेब: एसएसडी 1,750, रॅम 600, सेल 40, वायरमन 350, बॅटरी 1,900, राउटरचा यूपीएस 1,300, नेटवर्कची वायर 150, छपाई 60. एकूण 6,150. मंजुरीपेक्षा 150 जास्त झाले, ते मी घातले. वेळ साधारण पन्नास तास, त्यातले वीस तरी वर लिहिलेल्या चुकांत.

यंत्राच्या माहितीची वही ताईंच्या ताब्यात दिली. पासवर्ड, क्रॉनची ओळ, बॅकअप परत कसा घालायचा आणि "सगळं लाल झालं तर आधी तारीख बघा" हे पहिल्या पानावर.

एक काम राहिलं. इथल्या एका साप्ताहिकाच्या संकेतस्थळाला फीडच नाही. पानावरून मथळे उचलायची जोडणी दोनदा केली, दोनदा तुटली. तिसऱ्यांदा करणार नाही, त्यांनाच पत्र लिहिलंय. मसुदा नानांचा.

आणि गुरुवारी 2013 च्या त्या फाइलीतला एक ब्लॉग हलला. शेवटची नोंद 2015 ची होती. नवी नोंद चार ओळींची आहे, आईच्या हातच्या खरवसाबद्दल. नानांनी तारा लावली, वहीतही लिहून घेतली.